राजा कोंबडा आणि माझा पक्का पुरावा

१ नोव्हेंबर, शनिवार
आणि परत कोंबडाच. फोनभर बाबा राजाचंच सांगत होते. राजाने कुत्रं पळवलं, राजा बाजेवर झोपतो. शेवटी मला काय, तर सहा तारखेला पैसे टाक. कोंबड्याला राजा म्हणतात, मला नुसतं ‘अय’. इथं चारकोपच्या कारखान्यात साच्यातून बाटल्यांची गरम झाकणं काढून बोटं भाजतात ती माझी.

झोप लागत नाही म्हणून बोरिवलीच्या फुकट दवाखान्यात नेत्रा मॅडमकडे जातो. मनाच्या डॉक्टर. गोळी देत नाहीत. आज म्हणाल्या, घरच्यांना फक्त पैसाच पाहिजे असं तू मानतोस, पुरावा काय. मी म्हटलं, कोंबडा. त्यांनी लिहून घेतलं.

मग टेस्ट दिली. पैसे टाकून झाले की आपणहून घरी फोन करायचा, पैशाचा विषय काढायचा नाही. ते काय बोलतील याचा अंदाज आधी लिहायचा, मग खरं काय बोलले ते. म्हणाल्या, हे तुझ्या मापाचं आहे. बाहेर बाकावर वेसाव्याचे भिकाजीकाका बसतात, लिफ्टला घाबरतात. त्यांना रोज एक मजला जास्त लिफ्टने जायला सांगितलंय. त्यांचं सोपं आहे.

२ नोव्हेंबर
काकांचा उपायपण करून बघितला. फुकट आहे तर सोडा कशाला. मॉलच्या लिफ्टने वर-खाली, वर-खाली. वॉचमनने विचारलं, जायचंय कुठे. मी म्हटलं, झोपायला. बाहेर काढलं. झोप नाहीच.

६ नोव्हेंबर
मॅडमच्या टेस्टमध्ये थोडी सुधारणा केली. फोनही नाही, पैसेही नाहीत. पुरावा एकदम पक्का. अंदाज: उद्या सकाळीच आईचा फोन, पैसे कुठायत. माझ्या रूमवर राहणारा अल्पेश म्हणाला, येड्या, शिंप्याने माप घेऊन शर्ट शिवला तर तू बाह्या कापतोस का. त्याला सायन्स कळत नाही.

७ नोव्हेंबर
फोन नाही. म्हणजे मी मेलो काय, जगलो काय. सिद्ध.

८ नोव्हेंबर
वाटलं मॅडम शाबासकी देतील. तर म्हणाल्या, फोन आला असता तरी तुझंच खरं, नाही आला तरी तुझंच खरं. मग तू चुकलास तर ते कळणार कशाने. आता मी तिथं काय चुकायला जातो?
काका आठव्या मजल्यापर्यंत पोचले. पेढे वाटले. दोन घेतले.

१३ नोव्हेंबर
आईचा फोन. जेवतोस का, बोटं भाजतात का अजून. पैशाचा शब्द नाही. हुशार बाई, डायरेक्ट मागत नाही. मीच राजाचं विचारलं. तर ‘आहे की’ म्हणाली आणि फोन ठेवला.

१७ नोव्हेंबर
मोबाइलवर पाचशे रुपये आले. बहिणीच्या, संघमित्राच्या नंबरवरून. चुकून आले असणार म्हणून फोन लावला. म्हणाली, चुकून नाही. बाबा म्हणतात पोराचं काम सुटलं असंल, लाजेनं सांगत नसंल. गाडीभाडं घे आणि घरी ये म्हणावं.
मी विचारलं, पैसे आणले कुठून. मग म्हणाली, राजाला बाजारात विकला. बाबा तेव्हापासून बाजेवर नुसते बसून असतात.

१८ नोव्हेंबर
अल्पेशने विचारलं, मग काय सिद्ध झालं. मी म्हटलं, पुरावाच विकला, टेस्ट कॅन्सल. शनिवारी मॅडमनाही हेच सांगणार.
काल झोप मात्र मस्त लागली. लिफ्टचा गुण उशिरा येत असेल.
संघमित्राला सांगितलंय, कोंबडा कापला नसेल तर परत आणा. नेहमीचे तीन हजार, राजाचे पाचशे, आणि घेणाऱ्याने भाव वाढवला तर असावेत म्हणून वर दोनशे.
टाकले: तीन हजार सातशे.