खोली दिली, पंखा ठेवला

१४ ऑक्टोबर, रविवार दुपार

लाडक्या खारूताईस,

आईचे खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी ठणठणीत आहे. गुडघा होता तसाच आहे. जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प बसतो. तुझी मावशी दोन्ही वेळा कुरकुरते, त्या मानाने गुडघा बरा. खालच्या शिवणकाकूंनी दुकानाच्या दाराला निळा रंग दिला आणि तो वाळायच्या आत ते उघडलं, त्यामुळे आठवडाभर गल्लीतल्या निम्म्या लोकांची कोपरं निळी होती.

शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, "मुलींनो, महत्त्वाची गोष्ट पत्राच्या पहिल्या परिच्छेदात यावी. वाचणाऱ्याला ताटकळत ठेवणं हा उद्धटपणा आहे." माझा पहिला परिच्छेद गुडघ्यात आणि कोपरात गेला. सिस्टर असत्या तर कागद परत दिला असता. पण समास मात्र बघ, अजून सरळ सोडते.

फोनवर हे बोलता आलं असतं, पण फोनवर तुझ्या मागे ती पंपांची घरघर, इकडे मी ओरडणार, आणि शेवटी दोघी "बरं बरं" म्हणून ठेवून देणार. शिवाय पत्रात तुला मधेच तोडता येत नाही.

तर तुझा प्रश्न. महिनाअखेर तिथल्या नोकरीच्या नव्या करारावर सही करायची, की घरी परत यायचं? तू लिहिलंस, "भाडं पुन्हा वाढलं. आमच्या ग्रेडचा पगार साऱ्या राज्यात एकच, इथे काय नि तुझ्याकडे काय. मग इथे राहून मी मिळवते तरी काय? तिकडच्या रंगाच्या कारखान्यात ऑपरेटरची जागा आहे, घरभाडं नाही. येऊ का गं आई?"

हे वाचून मी काय केलं असेल? तुझी गादी उचलली आणि पुढच्या कठड्यावर उन्हात टाकली. एकटीने. गुडघ्याने चकार शब्द काढला नाही. पडदे उतरवले. कपाटाच्या मागून तू लपवलेली पेन्सिलींची थोटकं निघाली, ती पुन्हा तिथेच ठेवली. मग गॅलरीतून खाली ओरडले, "अहो, पोरगी येतेय!"

शिवणकाकू तोंडात टाचण्या तशाच ठेवून वर आल्या. म्हणाल्या, पत्र वाचून दाखवा. दाखवलं.

"ते पंपांचं पुन्हा वाचा."

वाचलं. नदीकाठचा तो मोठा हॉल, सहा पंप ओळीने उभे. पंप सुरू करायच्या आधी त्याच्या पोटात पाणी भरून घ्यावं लागतं, नाहीतर तो कोरडा फिरतो आणि आतून जळतो, हे तू किती समजावून लिहिलंयस. पुढच्या वर्षी अख्खी पाळी तुझ्या हाताखाली यायची आहे, तेही.

"आता घरी यायचं वाचा."

ते चार ओळीत संपलं. तुझ्या दोन पानी पत्रात चार ओळी.

"ताई, ही पोरगी येत नाहीये," त्या म्हणाल्या. "हिला भाडं हाकलतंय."

मला राग आला. "तुम्ही आधी त्या टाचण्या काढा, गिळाल एखादी," मी म्हटलं.

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "खोली रिकामी होतेय का हो?"

आवाज म्हणजे काय, भिंतीवरचं कॅलेंडर हललं. एक मुलगी वर आली, तुझ्याहून थोडी लहान, कपड्यांना ग्रीसचे डाग. रंगाच्या कारखान्यात नवी पंप ऑपरेटर, रात्रपाळी संपवून खोली शोधत फिरत होती. कठड्यावर गादी दिसली, तिला वाटलं कोणीतरी बिऱ्हाड हलवतंय. आता आम्ही तिला भोंगा म्हणतो. तिला ते नाव आवडलं आहे.

मी सांगितलं, खोली द्यायची नाही, माझी मुलगी परत येतेय. पण इतकी दमली होती की चहा घेतल्याशिवाय सोडवेना. मुलगी कुठे असते, तिने विचारलं. मी सांगितलं. तिचा कप हवेतच थांबला.

"नदीवरच्या पंपिंग स्टेशनला? मावशी, तिथे मला नुसतं झाडू मारायला घेतलं तरी मी धावत जाईन! पण राहू कुठे? पगार हाच आणि भाडं तिप्पट." मग जरा हळू, म्हणजे आपल्या नेहमीच्या आवाजात, तिने विचारलं, "त्यांनी सोडलं ते?"

"अजून नाही," मी म्हटलं. का कोण जाणे, मान खाली घालून म्हटलं.

बोलता बोलता ती खुर्चीतच झोपली. आम्ही दोघी कुजबुजत बसलो. आपला फ्रीज तुला ठाऊक आहे, खडखडत असतो आणि मग एकदम गप्प होतो. तो गप्प झाला मात्र, ही ताडकन उठली. "दोन नंबरचा पंप गेला!" म्हणून ओरडली आणि भिंतीवरच्या दिव्याच्या बटणावर तळहाताने थापा मारायला लागली. दिवा लागतोय, विझतोय, लागतोय, विझतोय, आणि ही ओरडतेय, "पाणी घेत का नाहीये हा!" शिवणकाकू हसून हसून जमिनीवर बसल्या. बरं झालं, टाचण्या आधीच काढल्या होत्या.

मीही हसत होते. मग थांबले.

गेल्या सुट्टीत तू दुपारी झोपली होतीस आणि वीज गेली, आठवतं? अशीच अनवाणी स्वयंपाकघरात धावत आलीस. "आई, कुठला बंद पडला?" मी किती चिडवलं तुला. त्याच संध्याकाळी तू माळ्यावरून जुना टेबलपंखा काढलास आणि ऐन थंडीत उशाशी लावलास. म्हणालीस, इतकं शांत असलं की मला झोप येत नाही. मी सर्दी होईल म्हणून ओरडत राहिले. माझ्या लक्षातच आलं नाही की तू घरी आली होतीस, तुझी झोप तिकडेच राहिली होती.

तर सिस्टर, हा घ्या माझा पहिला परिच्छेद. खारूताई, मी तुझी खोली भाड्याने दिली. भोंग्याला. परवापासून. उन्हात तापलेली गादी तुझ्या पलंगावर गेली आणि दुसऱ्या मिनिटाला तिच्यावर ती घोरत होती.

रागावलीस? रागाव थोडी. मीही पडदे परत लावताना रागावले होते.

भाडं तेवढंच ठरवलंय, जेवढं तू मला दर महिन्याला पाठवतेस. बाबांच्या पेन्शनीत वाणी आणि औषधं भागतात, बाकीचं आता तुझी खोली भागवेल. तेव्हा पुढच्या महिन्यापासून एक पैसा पाठवायचा नाही. तो तुझ्या घरमालकिणीला दे, उरेल त्याचं जेव. "हल्ली भूकच लागत नाही," असं तू लिहितेस. मी तुझी पत्रं जपून ठेवते गं. महिन्याच्या सुरुवातीच्या पत्रात तुला चांगली भूक लागते, महिनाअखेरच्या पत्रातच ती कुठे जाते? पंपाला कोरडा फिरू देत नाहीस, आणि स्वतः मात्र कोरडी फिरतेस.

मला काय हवंय ते विचारू नकोस. कठड्यावर गादी टाकली तेव्हा ते सगळ्या गल्लीने पाहिलं.

यायचं असेल तर जरूर ये. पंपांचा कंटाळा आला म्हणून ये, माझी आठवण आली म्हणून ये. फक्त भाडं परवडत नाही म्हणून येऊ नकोस. ते कारण मी भाड्याने देऊन टाकलं. सुट्टीत आलीस की माझ्या पलंगाची खिडकीकडची बाजू तुझी. मी लाथा मारत नाही, मावशी काहीही सांगते.

भोंग्याने टेबलपंखाही मागितला. तो मी दिला नाही. तिच्यासाठी फ्रीज ओढून तिच्या भिंतीला लावला, ती खूश आहे. पंखा माझ्या उशाशी आहे. सर्दी झाली आहे, पण त्या घरघरीत झोप फार छान लागते, जणू पलीकडच्या खोलीत तूच आहेस.

सही करशील तेव्हा अक्षर नीट काढ.

पंखा चालू ठेवून झोपणारी,
तुझी आई