फरक शून्य

३ एप्रिल २०२५, देगलूर

अरबी समुद्र — ३०.१. सरासरी २९.४. फरक ०.७. लिहिलं.

हे भूगोलाचे मास्तर. रोज सकाळी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून समुद्रातल्या एकाच चौकोनाचं तापमान वहीत उतरवायचे. ते गेल्यावर मी नवी वही केली. त्यांची ट्रंकेत आहे. उघडवत नाही.

नणंद रत्नम्मा मेथी निवडता निवडता म्हणाली, "देगलूरात बसून समुद्राचा ताप बघायलात व्हय वैनी? गोळी पाठवा की त्याला!" हसू दे. स्वतः टीव्हीवरच्या बुवाचं राशिभविष्य रोज उतरवून घेते!

५ एप्रिल

चौकोनावर ढग. उपग्रहाला खालचं दिसेना. जागा कोरी ठेवली.

श्रीनाथचा हैदराबादहून फोन. "आई, कोरं कशाला? त्या तारखेची सरासरी टाक. मागच्या वर्षांवरून काढलेली, वर्षभराच्या सगळ्या तारखांची आधीच तयार असते." दिसत नाही तिथं सरासरी! काय लेक शिकवलाय मी! झाकायला हे घर आधीपासून पटाईत.

६ एप्रिल

नांदेडचे डॉक्टर म्हणाले होते, "पेशंटला कळू देऊ नका." मग काय — मी, श्रीनाथ, रत्नम्मा, तिघांनी मिळून कॅन्सरचा अल्सर केला. दोन महिने! मी तर असं हसायचे की नाटकात पहिलं बक्षीस मिळालं असतं.

गेल्या एप्रिलच्या नऊ तारखेला दवाखान्यात नेताना हे गाडीत बसले, म्हणाले, "चार दिवसांत येतो. अल्सरच हाय की!" हसले. बाराला गेले.

सांगायला हवं होतं का? वर्षभर हाच एक प्रश्न. माणसाला निरोप तरी घेता आला असता.

९ एप्रिल

फरक ०.८.

११ एप्रिल

उद्या वर्ष होतं. रत्नम्माला त्यांची वही फोटोपुढं मांडायची आहे. "दादाचा जीव व्हता त्यात." म्हटलं, मांड. समुद्रालाही हार घाल.

१२ एप्रिल

ट्रंकेतून वही काढली. उघडली.

आठ एप्रिलपर्यंत फरक ०.६, ०.९, ०.७. समुद्र मेला कधी एका जागी ठरत नाही.

नऊपासून फरक शून्य. दहाला शून्य. अकराला शून्य. बाराला शून्य. थेट तीस तारखेपर्यंत! अक्षर त्यांचंच. निघायच्या आधीच सगळी सरासरी भरून ठेवलेली.

"अल्सरच हाय की!" — किती छान हसले होते.

पहिलं बक्षीस त्यांचं.