वारा बघून केलेलं बुकिंग

प्रिय बारक्या,

तुझ्या बोटीच्या मागे हात धुऊन लागलेला तो दातांचा डॉक्टर, जो बांगड्याच्या सफरीचं सारखं बुकिंग करतो, दर वेळी नेमका वादळी दिवस निवडतो आणि ज्याला तुझी बुकिंगवाली त्याला ऐकू जाईल अशा बेताने 'अर्धवट' म्हणाली, तो अर्धवट नाही. तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो, अत्यंत सज्जन माणूस आहे आणि त्याचा या सगळ्यात काडीचाही दोष नाही. अर्धवटपणा आपल्या घरातला आहे. बुकिंग बाबा करत होते. उभा असशील तर आधी बस आणि मग पुढे वाच.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू 'ताई, वारा आहे, ऐकू येत नाही' म्हणतोस आणि मला दर वेळी शंका येते की तुझा वारा तुझ्या सोयीने वाहतो. शिवाय घरून बोलायची सोय नाही. टीव्ही ऐकू येत नाही म्हणून बाबा त्याचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत नेतात, पण मी स्वयंपाकघरात हळूच तुझं नाव काढलं की हॉलमधून खोकला आलाच. म्हणून हे पत्र दुकानात बसून लिहितेय. दुपारी औषधांच्या दुकानात कोणी फारसं फिरकत नाही. मधेच आलंच कोणी तर अक्षर बिघडेल, ते समजून घे. तसंही माझं अक्षर डॉक्टरांची चिठ्ठी वाचून वाचून त्यांच्यासारखंच झालंय.

याची सुरुवात झाली एका सकाळी. बाबा गॅलरीत बसून नखं कापत होते. मान वर न करता म्हणाले, "ते बांगडे धरायला बोटीतून नेतात म्हणे. एक बुकिंग करून टाक." मला वाटलं, माझे कान वाजले. ज्या माणसाने तू नोकरी सोडून ती बोट घेतलीस तेव्हापासून तुझं तोंड पाहिलेलं नाही, जो मला 'तुझा भाऊ' म्हणतो, जसा काही मी तुला एकटीनेच कुठून तरी आणलाय, तो म्हणतो बुकिंग कर. मी म्हटलं, अहो बाबा, नेतो तो तुमचाच मुलगा, त्याला सरळ फोन करा. तर म्हणाले, "मला मुलाशी कर्तव्य नाही. मला बांगड्याशी आहे." बारक्या, या माणसाला मासळीचा वास आला की खिडक्या लावून घ्यायची सवय! पण मी मनात म्हटलं, बरफ वितळतोय तर वितळू दे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ही त्यांची जुनी खोड. आपले फोन तू ओळखशील म्हणून वरच्या डॉक्टरांचा फोन आणि डॉक्टरांचंच नाव द्यायचं ठरलं.

डॉक्टर बिचारे हरखूनच गेले. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघितलेला माणूस, त्याला समुद्र बघायला मिळणार. त्यांनी टोपी घेतली, रेनकोट घेतला, गळ टाकायची काठी घेतली आणि गच्चीवर सराव करताना तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची वाळत घातलेली चादर धरून आणली. तुझ्या बुकिंगवालीने त्यांना विचारलं, पोहता येतं का, बोट लागते का, किती जण, वयं काय. ती म्हणाली, बांगडे थव्याने येतात, थवा सापडला की कोणी बोटीत उभं राहायचं नाही, गाईड सांगेल तसंच करायचं. डॉक्टर प्रत्येक गोष्टीला 'हो मॅडम' म्हणत होते. बाबा बाजूला बसून फक्त एक गोष्ट सांगत होते, ती म्हणजे तारीख. पेपरातला हवामानाचा चौकोन भिंगाखाली धरायचा आणि बोट ठेवायचं, हा दिवस. पहिल्यांदा मला वाटलं, पेपर उलटा धरलाय. कारण तिथे स्वच्छ छापलं होतं की वारा जोराचा आहे.

अर्थात तू सफर रद्द केलीस. पुढच्या वेळीही केलीस. त्याच्या पुढच्या वेळी तर धक्क्यावरच्या दुसऱ्या एका बोटीने माणसं नेली आणि ती चिंब होऊन, हिरवी-पिवळी तोंडं करून परत आली, असं डॉक्टरांना त्यांच्या एका पेशंटने सांगितलं. ते ऐकून बाबांनी आणखी भात मागून घेतला. मला कळेना. सफर रद्द झाल्याचा निरोप आला की डॉक्टर टोपी काढून उदास बसायचे आणि आपले वडील लग्नघरातल्या माणसासारखे खुशीत. एकदा तर शीळ घातली. डॉक्टरांनी चिकाटीने दोन-तीन चांगले, निवांत दिवस सुचवून पाहिले, तर बाबांना त्या दिवशी गुडघा, त्या दिवशी पोट, त्या दिवशी कोणाच्या तरी तेराव्या मजल्यावरच्या लिफ्टबद्दल सल्ला द्यायला जायचंय. लिफ्ट तपासायच्या नोकरीतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, अजून शहरातली प्रत्येक लिफ्ट यांच्यावाचून अडलेली! डॉक्टर एकदा जिन्यात मला गाठून म्हणाले, "राग मानू नका, पण वडिलांना एकदा मेंदूच्या डॉक्टरकडे दाखवून आणाल का?" आता काय सांगू त्यांना? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

या सगळ्यात मला सारखा तू आठवत होतास. तळ्यावर पोहायला शिकायचास ते दिवस. ओलं डोकं घेऊन घरी आलास तर धडगत नाही म्हणून माझ्या मैत्रिणीच्या पंख्याखाली केस वाळवायचास आणि मी घरी सांगायची की लायब्ररीत आहे. बाबांनी एकदा तुझा कान हुंगला आणि पकडलं. तुला मारलं नाही, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, आठवतं? शाळेची सहल समुद्रावर होती तेव्हा आपण दोघंच वर्गात बसून होतो, शिपाई आपल्याला चणे देत होता. मला तेव्हा वाटायचं, बाबा म्हणजे कडक माणूस. पुढे तू बोट घेतलीस आणि ते म्हणाले, पाण्यावर पोट भरणार असशील तर मला तोंड दाखवू नकोस, तेव्हा मला वाटलं, लोकांना सांगायची लाज वाटते. मुलाला लिफ्टच्या कंपनीत चिकटवून दिलं आणि हा मासे धरतो. तुलाही तेच वाटलं. तू तसं ओरडून बोललासही. त्यांनी काही खुलासा केला नाही आणि आपण तो मागितला नाही.

(एक बाई खोकल्याचं औषध घ्यायला आली होती. तिला सगळ्या बाटल्यांचे रंग बघायचे होते. गेली एकदाची.)

तर आता गेल्या शनिवारचं ऐक. त्या दिवशी बाबांनी कहर केला. डॉक्टरांना फोन करायला लावला, सहा माणसं आहोत, पूर्ण बोट घेतो, दुप्पट देतो, उद्याच न्या. बुकिंगवाली विरघळली, म्हणाली, विचारून सांगते. तू नाही म्हणालास. बाबांनी डॉक्टरांच्या हातातून फोन हिसकावला, नाकातून आवाज काढला आणि त्या बाईला म्हणाले, "अहो, इथे झाडाचं पान हलत नाही आणि तुमचा गाईड वारा वारा काय करतो? भित्रा आहे का तो? त्याला सांगा, गिऱ्हाईक भित्रा म्हणतंय." मी हात जोडले त्यांच्यापुढे. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मला वाटलं, इतके दिवस हे फक्त तुला दुखवायला चाललं होतं आणि मी मूर्खासारखी त्यात मदत करत होते. थोड्या वेळाने तुझा निरोप डॉक्टरांच्या फोनवर आला. "भित्रा म्हणा, चालेल. पण उद्या नेणार नाही. बांगडे पुढच्या आठवड्यातही असतील."

बाबांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. मग पुन्हा वाच म्हणाले. मग फोन स्वतः हातात घेतला, भिंग नव्हतं तरी बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

मी भडकले, बारक्या. इतक्या वर्षांत चढवला नव्हता इतका आवाज चढवला. डॉक्टर बिचारे टोपी घेऊन हळूच जिना चढून गेले. मी म्हटलं, बरोबर आहे तर मग त्याला भित्रा का म्हणालात? काय सूड घेताय पोटच्या पोरावर? काय मिळतं यातून? तेव्हा ते खुर्चीत बसले आणि भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे बघत म्हणाले, "त्या नावाड्यालाही मी हेच म्हणालो होतो."

आपल्याला लहानपणापासून काय सांगितलं होतं? काका तरुणपणी तापाने गेले. आईनेही तेच सांगितलं. ताप बीप काही नव्हता. काका आणि त्यांचे मित्र सुट्टीत बांगडे धरायला जाणार होते, सगळ्यांना जमवलं होतं बाबांनी. धक्क्यावर गेले तर नावाडी म्हणाला, आज नको, वारा फिरतोय. बाबा कॉलेजातले, अंगात रग, चारचौघांत त्याला म्हणाले, भित्रा आहेस. नावाडीही तरुणच होता. त्याला ते लागलं. त्याने होडी सोडली. एक माणूस जास्त होत होता म्हणून काकांनी बाबांना खाली उतरवलं, तू पुढच्या फेरीला ये म्हणाले. ती होडी परत आली नाही. काका नाहीत, मित्र नाहीत, नावाडीही नाही. बाबा म्हणाले, त्या नावाड्याच्या घरी कोण कोण होतं ते त्यांनी पुढे कधी विचारलं नाही, कारण विचारायचं धाडस नव्हतं. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, बिल वाचून दाखवावं तसं, आणि मग त्यांना पाणी लागलं. मी ते आणून दिलं आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.

त्यांना तुझी लाज कधीच वाटली नव्हती रे. भीती वाटत होती. आणि ही भीती तुझ्यापर्यंत पोचवायची कशी हे त्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांना येतं तेच त्यांनी केलं. तुला आठवतं, ते लिफ्ट कशी तपासायचे? कोणाच्या शब्दावर सही करायची नाही. ठरल्यापेक्षा जास्त वजनं आत ठेवायची आणि ती थांबते की नाही ते बघायचं. तसा हा माणूस तुझ्यावर वजनं ठेवत होता. वारा, सहा गिऱ्हाइकं, दुप्पट पैसे, आणि शेवटी तो एक शब्द, जो एकदा त्या नावाड्यावर चालला होता. मला राग आला, अजूनही आहे. माणूस म्हणजे लिफ्ट नाही, एकदा सरळ विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण हेही खरं की काल पहिल्यांदा मी त्यांना दुपारी गाढ झोपलेलं पाहिलं, पेपर न बघता. तू मात्र फार तोऱ्यात येऊ नकोस. खाण तशी माती, एवढंच यातून सिद्ध झालंय. तूही कधी फोन करून म्हणाला नाहीस की बाबा, मी वारा बघूनच जातो.

आता मुद्द्याचं. बाबांनी येत्या रविवारची तारीख काढलीय. मी हवामान बघितलं, डॉक्टरांनी बघितलं, वारा नाही, समुद्र शांत आहे. बाबांना या वेळी गुडघा नाही, पोट नाही, लिफ्ट नाही. त्यांनी डॉक्टरांकडून टोपीही मागून घेतलीय. इतकं सगळं जुळून आलं, मी आनंदाने बुकिंगला फोन केला आणि तुझी ती बाई म्हणते, त्या दातवाल्याचं बुकिंग यापुढे घ्यायचं नाही असं गाईडने बजावलंय! म्हणजे जेव्हा नको होतं तेव्हा रोज घेत होतात आणि आता हवंय तर दार बंद. तुमच्या दोघांपुढे मी डोकं आपटून घेऊ का? म्हणून हे पत्र. तीन जागा ठेव, बाबांची, माझी आणि डॉक्टरांची. त्यांना काही विचारू नकोस, आधी बोलायचा प्रयत्न करू नकोस, ते गिऱ्हाईक म्हणून येतील आणि कदाचित तुला 'अहो गाईड' म्हणतील, तर म्हणू दे. काकांच्या फोटोला सांगून निघणारेत, ते मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. मी काल विचारलं, बाबा, पाण्यावर जायची भीती नाही वाटत? म्हणाले, "वाटते. पण त्याला 'नाही' म्हणता येतं. तो चल म्हणाला तर मी बसेन." तेव्हा बारक्या, बाकी सगळं नंतर बघू. रविवारी धक्क्यावर एक म्हातारा माझा हात घट्ट धरून उभा असेल. त्याला तू तुझ्या तोंडाने चल म्हण.

तुझीच,
दोन हट्टी माणसांच्या मधे सापडलेली,
ताई