पंधरा दिवसांच्या बोलीवर घेतलेली लेन्स

४ फेब्रुवारी

ताई गेली. एक बॅग, छत्री आणि स्टुडिओतला कंगवा घेऊन.

"बाबांची लेन्स देऊन ही आणलीस. मला विचारलंसुद्धा नाहीस," एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण आम्हाला जमतं, तासाभरात मिटतं. पण मीच बोलून बसलो – उचलली जीभ, लावली टाळ्याला – "लेन्स मी वापरतो, तू नाही." मग तिने कपाट उघडलं. आता मावसबहिणीकडे आहे. बसने तीन थांबे. तसं काही लांब नाही.

नवी लेन्स टेबलावर पडली आहे. वाइड, एका फोटोत सगळं आभाळ मावणारी. निसर्गाचे फोटो काढायचे तर हीच घ्या, असं जो तो सांगतो. कॅमेऱ्याला लावली की कॅमेरा तोंडावर पडतो. नाकापेक्षा मोती जड.

५ फेब्रुवारी

खाली कुणीतरी शटर वाजवून गेलं. उठलो नाही. ताई खिडकीतून ओरडली असती, "आले हं, थांबा!" आणि मला जिन्यावरून ढकलत नेलं असतं.

बत्तीस वर्षं हेच चाललं होतं. ती काउंटरवर. आलेल्या माणसाला कंगवा द्यायचा, कॉलर सारखी करायची, स्टुलावर बसवायचं. मी कॅमेऱ्यामागे. "हनुवटी थोडी खाली. हसू नका." खटक. पुढचा! दोघांनी लग्नं केली नाहीत, वर राहिलो, खाली कमावलं. आता बहुतेक कचेऱ्या स्वतःच्याच मशीनवर फोटो काढतात. दिवसाला दोन गिऱ्हाइकं आली तर खूप.

मी साठीला आलो. पाच फुटांच्या पलीकडे काही पाहिलं नाही, पांढऱ्या पडद्याशिवाय. म्हटलं, डोळे आहेत तोवर डोंगर-पाणी टिपावं. यात माझं काय चुकलं?

विचारायला हवं होतं. ते चुकलं.

७ फेब्रुवारी

पहिल्या बसने तलावावर गेलो. पलीकडे डोंगरांची रांग, वर ढग, खाली पाणी – डोळ्यांना सगळं कसं भरून दिसत होतं. फोटोत बघतो तर काय! पाण्याची पट्टी, आभाळाची पट्टी, मध्ये चिमूटभर मातीसारखं काहीतरी. दुरून डोंगर साजरे म्हणतात. या लेन्समधून ते साजरेही नाहीत आणि डोंगरही नाहीत.

घरी येऊन "बघ गं" म्हणायला तोंड उघडलं होतं.

८ फेब्रुवारी

तिचा फोन नाही. मीही केला नाही.

१० फेब्रुवारी

लेन्सच्या दुकानात गेलो. मालकाला आम्ही डॉक्टर म्हणतो, कारण बॅटरी लावून लेन्सच्या पोटात बघतो आणि मान हलवतो. माझे फोटो बघूनही तशीच मान हलवली.

"स्टुडिओवाले, वाइडला जवळचं काहीतरी लागतं. दगड घ्या, होडी घ्या, माणूस उभा करा. जवळचं मोठं दिसलं तर लांबचं लांब वाटतं. तुमच्या पुढ्यात काहीच नाही."

खरं आहे, म्हणालो.

बाबांची लेन्स अजून त्याच्या काचेच्या कपाटात आहे. दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे, माझ्या नावाची. पंधरा दिवसांची बोली. नवी पटली नाही तर जुनी परत. अठरा तारखेपर्यंत.

"माणूस शब्दाचा आहे मी," डॉक्टर म्हणाला. "पण एकोणीस तारखेला विचारू नका."

११ फेब्रुवारी

पुढ्यात दगड घेतला. वाइडने दगड मोठा दिसायचा तर हातभर अंतरावर जावं लागतं, म्हणून काठच्या चिखलात पालथा पडलो. होडीवाला बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ आला.

"काका, काही हरवलंय का?"

हो म्हणालो. तोही बिचारा वाकून शोधायला लागला. मग खरं सांगायची लाज वाटली. दोघांनी मिळून पाच मिनिटं चिखल चिवडला. आठवड्याभरात माणसाशी एवढा वेळ आजच घालवला.

फोटो मात्र आला. दगड झकास, डोंगर दूर, पाणी खोल. बघून आनंद झाला. कुणाला दाखवणार?

१३ फेब्रुवारी

मावसबहिणीचा फोन. ताई बरी आहे, झोप कमी आहे, दिवसभर घरातल्यांचे केस विंचरत असते. "माझी मुलगी तिला परदेशी बोलावते आहे," म्हणाली. "‘मावशी, माझ्याकडे कायमची राहायला ये’ म्हणते तिला."

हसू आलं. ताई कुठली जातेय! तिच्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. अर्ध्या गावाला पासपोर्टचे फोटो काढून दिले, तिचा एक नाही. स्टुलावर कधी बसलीच नाही ती. दिव्याखालीच अंधार.

"तिला फोन दे" म्हणायचं होतं. "तिला जपून राहायला सांग" म्हणालो आणि ठेवला.

१५ फेब्रुवारी

आज आठवडाभरातले निवडक फोटो छापून डॉक्टरकडे नेले. त्याने काउंटरवर ओळीने मांडले. झाड डावीकडे. होडी उजवीकडे. दगड, तोही कोपऱ्यात. डॉक्टर एकेकावर बोट ठेवत गेला.

"सगळ्यांत मधली जागा मोकळी सोडलीय तुम्ही. बघा. ही एवढी."

त्याने हाताने आकार करून दाखवला. वर गोल, खाली खांदे.

मी बघतच राहिलो. कॅमेरा लावायचा, मधे माणसापुरती जागा ठेवायची आणि थांबायचं – हात आपोआप तेच करत होते. तलाव असो, डोंगर असो, मी कुणीतरी येऊन बसेल म्हणून थांबलो होतो. आणि माणूस आणून बसवणारी तर तीन थांब्यांवर!

"मोडेल सवय," डॉक्टर म्हणाला. "वर्षभर काढा. लेन्स चांगली आहे."

लेन्स चांगलीच आहे. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही.

१६ फेब्रुवारी

पाऊस नाही, काम नाही, बोलायला कुणी नाही. नव्या लेन्सने आरशात स्वतःचा फोटो काढून पाहिला, अगदी जवळ जाऊन. नाक बटाट्याएवढं, कान गायब. चेहरा तिच्यातून सरळ येत नाही. म्हणजे उद्या ताई आली आणि स्टुलावर बसली, तरी हिच्यातून ताई ताईसारखी यायची नाही.

बाबांच्या लेन्समधून डोंगर येत नाहीत, हे खरं. एखादा सुळका येईल, एखादं झाड. बाकीचं सोडून द्यावं लागेल.

मला तिची आठवण येते. हे इथे लिहायला काय हरकत आहे? येते. दिवसभर येते.

१८ फेब्रुवारी

दुकान उघडायच्या आधीच जाऊन पायरीवर बसलो. डॉक्टरने कुलूप काढता काढता विचारलं, "ठरलं?" चिठ्ठी सोडून बाबांची लेन्स हातात दिली. जुन्या चपलेत पाय जावा तशी ती कॅमेऱ्यात बसली.

घरी येऊन फोन लावला. तिनेच उचलला.

"लेन्स परत आणली," म्हणालो.

"बाबांची?"

"तीच. माझं चुकलं, ताई. तुला विचारायला हवं होतं."

 मग नाक पुसल्याचा आवाज. "उद्या येते. दहाला. पडद्याला इस्त्री करून ठेव, नेहमीसारखा चुरगळलेला नको."

पडद्याला इस्त्री! म्हणजे दुकान उघडायचं. बाई अजिबात बदलली नाही.

पडदा धुतला, वाळवला, इस्त्री केला. स्टुडिओ झाडला. दिव्यांवरची धूळ पुसली. तिची खोली झाडली. शटरला तेल घातलं. आज पंधरा दिवसांनी भूक लागली.

१९ फेब्रुवारी

दहाला आली. बरोबर बॅग नव्हती, नुसती पर्स. तिच्यातून कंगवा काढला, केस विंचरले, पहिल्यांदाच स्वतः जाऊन स्टुलावर बसली.

"पासपोर्टसाठी हवाय. भाचीकडे जाते," म्हणाली. "तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे काढवेना रे."

लेन्स योग्य होती. मधली जागा बरोबर भरली. हनुवटी थोडी खाली, म्हणालो. हसू नको. तशी ती हसत नव्हतीच.

जाताना कंगवा काउंटरवर ठेवून गेली, त्याच्या जागी.