बरोबरीनं चालणारा माणूस

मॉन्ट्रियल,
फेब्रुवारीतला कुठलातरी मंगळवार

ती. जिनेटताईस,

धाकट्या रोझेरचा नमस्कार. तुझा गुडघा, तुझा ओव्हन आणि तुझं मधुमेही मांजर, तिन्ही धड असतील अशी आशा करतो. (इंजेक्शन देताना ते अजून चावतं का? चावत असेल तर त्याची तब्येत उत्तम आहे असं समज.) इकडे आम्ही हयात आहोत. बर्फ कमरेइतका, गाडी त्याच्याखाली, आणि मी दमलोय. "कशानं दमलास, दिवसभर खुर्चीत तर बसतोस," असं तू म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो: खुर्चीत बसूनच दमलोय.

पत्राला तसं खास कारण काही नाही. (हे वाचून तू चष्मा पुसून घेतला असशील.) 'नवी वाट' पुरस्काराच्या परीक्षक मंडळावर तू अध्यक्ष झालीस, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. नावीन्याच्या बक्षिसासाठी यंदा आमच्या कंपनीचाही व्हिडिओ गेम आहे हे तुला ठाऊक असेलच, कारण परवा रेडिओवर तू त्याचा यथेच्छ उद्धार केलास. मी आयोजकांना आपणहून फोन केला. म्हटलं, अध्यक्षबाई माझी सख्खी बहीण आहे, हे तुम्हाला चालेल का? पलीकडची मुलगी आधी पोटभर हसली आणि मग म्हणाली, "साहेब, त्या तुमच्या बाजूनं मत देतील असा संशय अख्ख्या कॅनडात कुणाला येणार नाही हो!" एवढी तुझी कीर्ती.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. दर नाताळला मांस भरून भाजलेल्या पाईवर सुरी ठेवली रे ठेवली की तू सुरू होतेस. मोठ्या कंपन्यांच्या गेममध्ये नवीन काय असतं? दाढी! मागच्या गेममध्ये नायकाला दाढी नव्हती, या गेममध्ये आहे. सजावट नवी, नवरदेव तोच. खरं नवं काही करायचं ते आमच्यासारख्या एकेकट्यानं गेम बनवणाऱ्यांनी, हॅलिफॅक्सच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकाच्या टेबलावर, आणि तुम्ही ते उचलून त्याला रंग द्यायचा. ताई, यातलं पुष्कळ खरं आहे म्हणूनच मी दरवर्षी खाली मान घालून पाई खातो. (शिवाय पाई चांगली असते.) दाढीचं तर विचारूच नकोस. आमच्याकडे दाढीचा स्वतंत्र विभाग आहे, त्यांची वेगळी कॉफी आहे, आणि ते आमच्याशी बोलत नाहीत.

पण यंदा एकदा माझंही ऐक. गेममध्ये आपल्या नायकाबरोबर कुणी वाटाड्या चालत असतो ना, त्याच्या चालीचं दुखणं तू जाणतेसच. तुम्ही चालावं तर तो पुढे निघून जातो, तुम्ही पळावं तर मागे राहतो. बिचारा आपल्या जन्माची गोष्ट सांगत असतो आणि ऐकणारा कधी त्याच्या पाठीत धडकतोय, कधी त्याच्याभोवती गोल फिरतोय. गेली तीस वर्षं सगळं जग यावर शिव्या घालतंय आणि सगळ्या कंपन्या दाढ्या वाढवताहेत. आम्ही चार वर्षं फक्त एवढंच केलं, की आमचा म्हातारा वाटाड्या आंब्रोआज तुमच्या बरोबरीनं चालतो. तुम्ही रेंगाळलात तर तोही रेंगाळतो. तुम्ही दमलात तर काही न बोलता सावकाश होतो. बस्स. एवढंच.

"हे मला एका दुपारी सुचलं असतं," असं तू म्हणशील. सुचलं असतंच गं! पण सुचलेलं जिन्यावरून खाली उतरवायचं असतं, बर्फावरून न्यायचं असतं, बाजाराच्या गर्दीतून काढायचं असतं, आणि दर ठिकाणी ते तोंडावर पडतं. पहिल्या वर्षी आंब्रोआज इतका सभ्य झाला की दारापाशी नायक थांबला की हाही थांबायचा. आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं करत तपासणीला बसवलेल्या एका पोरीचं जेवण गार झालं. दुसऱ्या वर्षी तो जिना उतरताना हवेत पाय टाकायचा. तिसऱ्या वर्षी सगळं जमलं, आणि आमच्या मादाम बोल्यूंनी (त्या आमच्या सगळ्यांच्या वरच्या) अर्धा तास बघून विचारलं, "छान आहे. पण नवीन काय केलंत ते दिसत नाहीये." मी म्हटलं, मादाम, ते दिसत नाही हेच तर आम्ही केलंय. त्या म्हणाल्या, "मग तो चाल बदलतो तेव्हा त्याच्याभोवती जरा निळा उजेड पाडा ना." तो उजेड पडू नये म्हणून मी जेवढ्या बैठका केल्या तेवढ्यात तुझे चार गेम तयार झाले असते. हरलो असतो तर आज तू एका निळ्या म्हाताऱ्यावर रेडिओवर बोलली असतीस, आणि योग्यच बोलली असतीस.

आता अडचण सांगतो. न दिसणाऱ्या गोष्टीला पगार कसा द्यायचा, हा मादामांचा प्रश्न आहे, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही पडला असता. त्यांनी साफ सांगितलंय: हे नावीन्य आहे असं बाहेरचं कुणी म्हणालं, बक्षीस मिळालं, तर तुमचा चमू राहील. नाही तर सगळ्यांना घोड्यांकडे पाठवते. (पुढच्या गेममध्ये घोडे फार आहेत.) माझ्या चमूतली माणसं घोड्यांकडे जायच्या लायकीची नाहीत असं नाही. पण सोलांजनं निसरड्या बर्फावर म्हाताऱ्या माणसाचं पाऊल कसं पडतं यात सबंध एक हिवाळा घातला. तिला खूर मोजायला बसवणं माझ्याच्यानं होणार नाही.

आणि एवढ्यात तुमच्या परीक्षक मंडळातले ते मिस्टर हॅलोवेल! टोरोंटोहून आले, टापटीप गृहस्थ, गेम मन लावून खेळायला बसले. चार पावलं चालले आणि टिपणं काढायला त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला. नायक थांबला, म्हणून आंब्रोआजही थांबला. गृहस्थ लिहीतच आहेत, म्हणून तो दगडावर बसला, बूट काढला, आतला खडा झटकला. (बुटातल्या खड्यावर आमचा एक माणूस दोन महिने होता.) हॅलोवेलनी मान वर केली, गेम अडकला असं समजून तो बंद करून पुन्हा लावला, चार पावलं चालले, आणि गेम अडकल्याची नोंद करायला पुन्हा कंट्रोलर खाली ठेवला! संध्याकाळपर्यंत हेच. नियमाप्रमाणे मला बोलायची बंदी, मी काचेपलीकडे उभा राहून नखं खातोय. त्यांचा अहवाल तुझ्यापर्यंत पोचलाच असेल: "गेम वारंवार अडकतो. म्हातारं पात्र आळशी वाटतं." चांगल्या कामाचे असे पांग फिटतात.

असो. मी काही मागत नाही. तुला पटेल तसं कर, तू तसंच करणार. मांजराला माझ्याकडून कुरवाळ, ओव्हनचं दार नीट लावत जा, आणि तो गुडघा एकदा डॉक्टरला दाखव.

तुझा दमलेला भाऊ,
रोझेर

ता. क. : सोबत मेपलच्या पाकाचा डबा पाठवतोय. ही लाच नाही. लाच असती तर मोठा डबा पाठवला असता.

आणखी एक ता. क. : ताई, मागतो एक गोष्ट. हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं आणि वर तोंडातून निघालं नाही. तू अध्यक्षपद सोड. आमचा गेम अजून तू लावलेला नाहीस, रेडिओवर त्याच्या जाहिरातीवरच बोललीस, हे मला कळलंय. तो लावायच्या आधी सोड. तू गेलीस की त्या हॅलोवेलांना अध्यक्ष करतील आणि आमचा निकाल तिथंच लागेल, हेही कळतंय. चमूला विचारलं. सोलांज म्हणाली, "कुणाच्या बहिणीला रडवून मिळालेलं बक्षीस नको. घोडे तर घोडे."

कारण असं. आंब्रोआजच्या चालीसाठी आम्ही नट आणले होते, पण ते चालत नव्हते, चालून दाखवत होते. शेवटी मी रिमूस्कीला जाऊन आपल्या बाबांना घेऊन आलो. चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस, अंगाला घट्ट काळा पोशाख, त्यावर कॅमेऱ्यांना चाल टिपता यावी म्हणून चिकटवलेल्या पांढऱ्या गोट्या. म्हणाले, "रोझेर, तुझी आई असती तर आज हसून मेली असती." तुला सांगू नको म्हणून शपथ घातली. मोठ्या कंपनीत नाचलो असं जिनेटला वाटेल, म्हणाले. तेव्हा ते चालत होते. आता पलंगापासून खिडकीपर्यंत, तेही भिंत धरून. तसे चालणारे बाबा आता फक्त त्या गेममध्ये आहेत.

आम्ही त्यांना सांगितलं, कुणाबरोबर तरी चालताय असं समजून चाला. त्यांनी विचारलं, "कुणाबरोबर?" म्हटलं, कुणीही. तर म्हणाले, "मग जिनेटला घेतो. ती सारखी काहीतरी बघत मागे राहते." आणि निघाले. दर थोड्या पावलांनी सावकाश व्हायचे, वळून बघायचे, आणि तू आलीस असं वाटलं की पुढे चालायचे. त्यातलं आम्ही काही बदललं नाही, नुसतं जिन्यावरून खाली उतरवलं. तेव्हा तो म्हातारा वळून बघतो ना, तो तुझी वाट बघतोय, ताई. याला तू गुण किती देणार?