डावखुरा जुगारी

तीर्थरूप बाबा,

लंडनहून तुमच्या टेबिथाचा नमस्कार. मी ठणठणीत आहे. माझ्या चित्रांच्या दुकानाची काच फुटल्याचं कानावर आलं तर घाबरू नका, फळी ठोकून घेतली आहे.

झालं असं. उधारी मागायला आलेल्या शिंप्याला दारात ताटकळत ठेवून फासे टाकणारा उमराव मी तांब्याच्या पत्र्यावर कोरला. माणूस मनानेच रचलेला. छापताना डावं-उजवं उलटतं हे घाईत विसरले आणि फासे गेले डाव्या हातात. तसंच चित्र विकायला काचेत लावलं.

काल सर जर्वेस थॉर्ली नावाचे खरेखुरे उमराव तणतणत आले. "माझी बदनामी करतेस?"

मी म्हटलं, "हे तुम्ही कशावरून?"

"अख्ख्या लंडनात माझ्याशिवाय डाव्या हाताने फासे टाकतो कोण?"

दारातल्या गर्दीत त्यांचा खराखुरा शिंपी उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "बाई, मला दोन प्रती द्या." सगळे हसले आणि सरांची काठी काचेवर बसली.

कोर्टात खेचतो म्हणालेत. खुशाल खेचा म्हटलं.

आईचा खोकला कसा आहे? तिला काचेचं तेवढं सांगू नका.

दुसरं चित्र कोरायला घेतलंय. या वेळी डावा हात चुकून नाही.

तुमचीच हट्टी,
टेबिथा