मजकूर तिसऱ्या परिच्छेदात

अब्बा,

तुम्ही असतात तर हे पत्र पहिल्याच ओळीला माझ्या हातात परत ठेवलं असतंत. वर खुशाली नाही, घरच्यांना सलाम नाही, तब्येतीची चौकशी नाही, हे काय पत्र झालं? पण तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आता तुमच्या तब्येतीची चौकशी मी कुठल्या तोंडाने करू? इथे आखातात सकाळपासून धूळ उतरली आहे. महबूलातल्या या सातव्या मजल्यावरून एरवी समुद्राची एक पट्टी दिसते, आज तीही नाही. सगळं पिवळसर, आणि सूर्य कुठेतरी आत, दुधात विरघळत चाललेल्या बत्ताशासारखा. असल्या दिवशी रस्त्याचे आवाजही दबून येतात, आणि मी चांगली जागी असूनसुद्धा फहाहीलच्या आपल्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन बसते.

तिथे नेहमी शुक्रवारच असतो. जुम्म्याची नमाज आटोपून माणसं जिना चढून येतात. बाहेरच्या खोलीत दुसरं कुटुंब राहतं, म्हणून तुमची कचेरी स्वयंपाकघरात. एरवी तुम्ही शुऐबाच्या बंदरावर हजेरी लिहिणारे कारकून, पण शुक्रवारी अख्ख्या रत्नागिरी-रायगडचे पत्रलेखक. आई बांगडे तळते आहे. खिडकी उघडली तर वाळू येते, लावली तर धूर कोंडतो, यावरून तुमचं दोघांचं चाललेलं आहे. एक जण तांदळाच्या गोणीवर बसलाय, एक पाण्याच्या पिंपावर, आणि तुम्ही मांडीवर पॅड घेऊन विचारताय, बोल, घरी काय सांगायचंय? तो मनातलं सगळं भडाभडा सांगतो आणि तुम्ही ते तुमच्या पद्धतीने बसवता. पहिल्या परिच्छेदात खुशाली. दुसऱ्यात कंपनीचं कौतुक, जेवण चांगलं, उन्हाळा यंदा तेवढा नाही. खरा मजकूर तिसऱ्या परिच्छेदात. आम्ही गावी असताना आई तुमची पत्रं तिसऱ्या परिच्छेदापासूनच वाचायची, हे तुम्हाला कधी कळलं होतं का? वरचं सगळं ती मागाहून, चहा पिताना, सावकाश वाचायची.

एकदा तुम्हाला ताप होता. क्रेनखाली बोटं सापडलेला एक माणूस आला. मी बारा वर्षांची, अक्षर चांगलं, आणि शहाणपणा त्याहून जास्त. मी पहिल्याच ओळीत लिहिलं, माझी दोन बोटं गेली आहेत. तुम्ही पांघरुणातून हात काढून तो कागद वाचलात आणि फाडलात. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "अगो, पत्र म्हणजे घरी आलेला माणूस. त्याला आधी बसू दे, पाणी पिऊ दे. दारातूनच ओरडायला लागला तर आतली माणसं मरतील." मी रागाने रडले. मला ते सगळं खोटं वाटलं होतं.

त्याच साली तुम्ही मला अरबीच्या शिकवणीला घातलंत. मुलीला कशाला, असं सगळे म्हणत होते, आणि तुम्ही म्हणालात, तिला कागद वाचताना कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. त्या अरबीवरच आज माझं घर चाललंय. मी एका युरोपीय देशाच्या वकिलातीत दुभाषी आहे. त्यांचं परराष्ट्र धोरणच असं आहे, की ज्याच्याशी दोस्ती करायची त्याच्याकडे व्यापाराबरोबर माणसांच्या हक्कांचा विषयही काढायचा. मतदान, लिहिण्या-बोलण्याची मोकळीक, आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या मजुरांची स्थिती. वर्षातून एकदा त्यांच्या राजधानीतून एक साहेब येतात, लोकांना भेटतात, एक निवेदन तयार करतात, आणि सोबत अडकून पडलेल्या काही जणांच्या नावांची यादी इथल्या मंत्रालयाला देतात. तुम्ही हसाल. तेल घ्यायचं आणि वर नसीहत द्यायची, असंच म्हणाल. मीही बरीच वर्षं हसत होते. पण त्या यादीत नाव गेलं की मालकाच्या कपाटातला पासपोर्ट गुपचूप बाहेर येतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून हसणं कमी केलं.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. श्रीवर्धनकडची एक बाई जाब्रियात एका म्हाताऱ्या बाईंच्या सेवेला होती. करार संपून गेलेला, पण तिचा पासपोर्ट घरच्या मालकिणीकडे. आज देते, ईदनंतर देते, असं चाललं होतं. हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं, की तिला साहेबांना काही सांगायचं आहे. म्हातारीला व्यायामासाठी एका दवाखान्यात आणायची तेव्हा तिला पाऊण तास मोकळा मिळायचा, म्हणून आम्ही तिथल्या कँटीनमध्ये भेटलो. टेबलाला चार खुर्च्या. साहेब, मी, मांडीवर म्हातारीची पर्स घट्ट धरून बसलेली ती, आणि चौथ्या खुर्चीवर तुम्ही. हो, तुम्हीच होतात. पॅड घेऊन, मान हलवत, बरोबर चाललंय म्हणत. बाहेर अशीच धूळ होती आणि काचेतून येणाऱ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे जुन्या फोटोतल्यासारखे दिसत होते.

ती म्हणाली, मी मजेत आहे. माणसं चांगली आहेत. म्हातारी लेकीसारखं वागवते, आपल्या ताटातलं काढून देते, रात्री दात काढून ठेवल्यावर मला हसवते. खोलीला एसी आहे. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले. दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही, असा आमचा नियम आहे. साहेब भला माणूस, आधी सगळं लिहून घेत होते, मग लिहायचे थांबले. शेवटी त्यांनी विचारलं, काही तक्रार आहे का? मी तक्रार म्हटलं आणि ती दचकली. पोलीसचौकीतला शब्द तो. तक्रार कसली, म्हणाली, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांची? आणि ती म्हातारीच्या नातवंडांविषयी सांगायला लागली. तेवढ्यात नर्सने हाक मारली आणि ती गेली. गाडीत बसल्यावर साहेब म्हणाले, निदान एक तरी घर चांगलं भेटलं.

दुसऱ्या दिवशी निवेदनाचा अरबी मसुदा तपासायला माझ्याकडे आला. पहिला परिच्छेद: दोन्ही देशांच्या जुन्या मैत्रीबद्दल समाधान. दुसरा परिच्छेद: इथल्या सरकारने उचललेल्या पावलांचं स्वागत, पाहुणचाराबद्दल आभार. तिसऱ्या परिच्छेदात, तथापि. अब्बा, मला तुमचं अक्षर दिसलं हो त्या कागदावर. मी तशीच उठले आणि साहेबांच्या खोलीत गेले. ते बॅग भरत होते. मी विचारलं, साहेब, मजुरांचा मुद्दा एवढा खाली का? ते समजावणीच्या सुरात म्हणाले, की कुणाच्या घरी जाऊन आल्या आल्या दोष काढले तर ते दार लावून घेतात, मग पुढचं कोण ऐकणार?

मी म्हटलं, "कालची बाई हेच करत होती. तिचा तिसरा परिच्छेद आपण ऐकलाच नाही."

ते हातातला शर्ट तसाच धरून उभे राहिले. मग खुर्चीवर बसले. नावांची यादी त्या सकाळीच मंत्रालयात पोचली होती. तिच्यात मागाहून काही घालता येत नाही. त्यांनी मला सांगितलं, तू जा, उरलेलं ऐकून घे, मी वेगळं पत्र काढतो. मी पुढच्या आठवड्यात त्याच कँटीनमध्ये गेले. या वेळी नियम गुंडाळून ठेवला. तिला चहा पाजला, म्हातारीचे दात, एसी, नातवंडं, सगळं पुन्हा ऐकलं, आणि गप्प बसून वाट पाहिली. मग तिने पर्स टेबलावर ठेवली आणि सांगितलं. लेकीला सातवा महिना आहे. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, पण तिचं माहेर म्हणजे ही एकटी, नवरा कधीच गेलेला. घराला कुलूप आहे. "मी नाय पोचले तर पोरीला माहेरच नाय, बाय," असं म्हणून ती रडली, आणि पर्स सांभाळत रडली.

साहेबांनी शब्द पाळला. पत्र निघालं. पण यादीतलं नाव एका वाटेने जातं आणि सुटं पत्र दुसऱ्या, लांबच्या वाटेने. माझे फोन, त्यांचे फोन, मंत्रालयात बुकरा, म्हणजे उद्या, आणि त्या उद्याच्या पुढे आणखी एक उद्या. शेवटी पासपोर्ट आला. ती गेली. तोवर पोरगी सासरीच बाळंत झाली होती. दोन दिवस अडली होती म्हणे, आईला हाका मारत होती. दोघी वाचल्या, मुलगी झाली. तिने मला गावाहून फोन केला, बाळाचा आवाज ऐकवला आणि दुवा दिल्या. तुमच्यामुळे पोचले, म्हणाली. मी मध्येच फोन ठेवून दिला. तिला वाटलं असेल, लाइन गेली.

वकिलातीत माझं नाव झालंय. आता नवे साहेब आले की त्यांना पहिली अर्धी घटका काहीही न लिहिता नुसतं ऐकायला सांगतात, आणि ही पद्धत माझी म्हणून सांगतात. मी ती तुमची म्हणून सांगते. सगळ्यांना फार आवडते ही गोष्ट, वडील, स्वयंपाकघर, पत्रं. मी ती इतक्यांदा सांगितली आहे की मलाही ती पूर्ण वाटायला लागली होती.

ती पूर्ण नाही. हा कागद मी घडी करून फाडणार आहे, तुम्ही माझा फाडला होता तसा, पण त्याआधी लिहिते. नर्सने हाक मारली तेव्हा ती बाई सरळ गेली नव्हती. उठता उठता माझ्याकडे वळून म्हणाली होती, "बाय, मुद्द्याचं राहिलंच." साहेबांनी मला विचारलं, काय म्हणाली? व्यायाम संपायला अजून दहा मिनिटं होती, मला घड्याळ दिसत होतं. मी म्हटलं, काही नाही, निरोप घेतला. नियमाचा काही संबंध नव्हता. दात, एसी, नातवंडं ऐकताना साहेब जरासे हसत होते, आणि मला तिची लाज वाटायला लागली होती. लवकर उठावं, बाहेर पडावं असं झालं होतं. चौथ्या खुर्चीवर तुम्ही मान हलवत बसला होतात, अब्बा, आणि मला तुमची लाज वाटत होती.